नेमबाजीचे बूट घेताना: नकली ओळखायचे कसे आणि खऱ्यातलेही कोणते टाळायचे

नेमबाजी सुरू केलेल्या मुलामुलींचे पालक रायफल, जॅकेट, छर्रे यांचा हिशेब महिनोन्‌महिने मांडतात. बुटांची खरेदी मात्र स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात बेळगावच्या गणपत गल्ली किंवा खडे बाजारच्या एका फेरीत उरकली जाते. घाईत ‘फर्स्ट कॉपी’ गळ्यात पडते ती अशाच वेळी.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मोठ्या कंपनीचा नकली बूट घेण्यापेक्षा साध्या कंपनीचा खरा, सपाट तळाचा बूट केव्हाही बरा. दुसरी गोष्ट दुकानदार सांगत नाही, कारण त्यालाही ती ठाऊक नसते: बूट खरा असला म्हणजे तो नियमात बसतोच असं नाही. रेंजवर साहित्य तपासणारे अधिकारी लोगो बघत नाहीत. ते जाडी मोजतात, उंची मोजतात, तळ वाकवून बघतात. त्यामुळे इथे दोन चाळण्या लावाव्या लागतात: माल खरा आहे का, आणि तो आपल्या खेळाला चालतो का. निम्मे लोक पहिलीच लावतात आणि उरलेले एकही नाही.

आधी प्रकार ठरवा, मग दुकानाची पायरी चढा

१० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. एअर पिस्तुलाचा दहा ११.५ मिलिमीटरचा. मुख्य फेरीत ६० नेम, इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर सव्वा तास, आणि त्याआधी सरावाच्या नेमांची १५ मिनिटं. एवढा वेळ एका जागी उभं राहायचं असतं. शरीर डोलतं ते पायापासून. पळायचे बूट मऊ फोमचे असतात आणि त्यांची टाच पंज्यापेक्षा उंच असते. पळताना तो फोम गुडघ्याला जपतो, पण नेम धरताना पायाखाली जमीनच हलते आहे असं वाटतं. म्हणून नेमबाजाला हवा तो पातळ, टणक आणि सपाट तळ.

पिस्तूलवाल्यांसाठी नियम सरळ आहे. बूट घोट्याच्या हाडाखालीच संपला पाहिजे, आतून आणि बाहेरून दोन्हीकडे, आणि तळाचा पुढचा अर्धा भाग पूर्ण लवचिक हवा. बास्केटबॉलचा उंच बूट कितीही अस्सल असला तरी बाद.

उभं राहून आणि गुडघ्यावर बसून मारणाऱ्या रायफलवाल्यांसाठी खास बूट मिळतात, आणि त्यांच्यावर आकड्यांचं बंधन आहे. पंज्याखालच्या तळाची जाडी जास्तीत जास्त १० मिलिमीटर. वरच्या भागाचं कापड किंवा चामडं अस्तरासकट ४ मिलिमीटरपर्यंत. बुटाची उंची त्याच्या लांबीच्या दोन तृतीयांशापेक्षा जास्त नको. म्हणजे बूट बाहेरून ३० सेंटिमीटर लांब असेल तर उंची २० सेंटिमीटरच्या आत. तळ बुटाच्या बाहेर कुठेही ५ मिलिमीटरपेक्षा जास्त आलेला चालत नाही. डावा-उजवा एकाच जोडीचा हवा. आतला सुटा पतावाही (पायाखालची आतली गादी) पंज्यापाशी वाकणारा हवा. खाली कडक पत्रा सरकवून उपयोग नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाची ही नियमपुस्तिका दर काही वर्षांनी सुधारली जाते, म्हणून खरेदीआधी चालू आवृत्ती प्रशिक्षकांकडून बघून घ्या.

शॉटगनवाल्यांनी बंद, घसरत नसलेला बूट घ्यावा. सँडल चालत नाही. एनसीसीच्या फायरिंगसाठी तर वेगळा खर्च करूच नका. पालथं पडून मारताना बुटाचा संबंध फारसा येत नाही.

अगदी नवख्यांसाठी एक सूचना. पहिले काही महिने रायफलचे खास बूट घेण्याची घाई नको. बॅडमिंटन किंवा टेबल टेनिसचा पातळ रबरी तळाचा खरा बूट सरावाला पुरतो, पिस्तूलवाल्याला तर तो पुढेही चालतो. मूल वाढीच्या वयाचं असेल तर पाच आकडी किमतीचा बूट वर्षात अपुरा पडेल.

दुकानातली भाषा

आपल्याकडच्या बाजारात नकली मालाला ‘नकली’ असं कुणीच म्हणत नाही. ‘फर्स्ट कॉपी’, ‘सेव्हन ए’, ‘मास्टर क्वालिटी’ ही सगळी नकलीचीच नावं. “ओरिजिनलच्याच फॅक्टरीतनं येतंय बघा, फक्त बिल नाही,” असं ऐकलंत की विषय संपला. ‘एक्स्पोर्ट सरप्लस’ म्हणून गाडीवर येणाऱ्या मालातही बहुतेक वेळा नकलीच असतो.

‘फॅक्टरी सेकंड’ हा मात्र वेगळा प्रकार आहे. तो खऱ्या कंपनीचाच, पण खोट निघाली म्हणून बाजूला काढलेला माल. कॉलेजला घालायला हरकत नाही. नेमबाजीला तो मला नकलीइतकाच नकोसा वाटतो, कारण खोट नेमकी कुठे आहे ते कुणी सांगत नाही. ती शिवणीत असली तर ठीक, तळात असली तर तुमचा तोल गेला.

खरं म्हणजे या भागातल्या माणसाला पादत्राणातला अस्सल-नकली फरक शिकवायची गरज पडू नये. अथणी, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापुरी चप्पल शिवली जाते. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर या चार जिल्ह्यांचाही त्यात समावेश झाला. चप्पल घेताना आपण चामडं वाकवून बघतो, वास घेतो, टाके मोजतो. बुटाच्या डब्यावर इंग्रजी छापलेलं दिसलं की तेच हात खिशात जातात.

जोडी हातात घेतल्यावर

दुकानात संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडा फुगतो. सरावाला घालता तेच मोजे घाला. घरी कागदावर पाय ठेवून टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून न्या. रायफलचे बूट बहुधा युरोपी मापात येतात, आपल्याकडचा आठ नंबर तिकडे साधारण ४२ होतो, पण कंपनीगणिक फरक पडतो. मिलिमीटर फसवत नाही.

सगळ्यात आधी जोडी काउंटरच्या काचेवर ठेवा आणि मागून, डोळे काचेच्या पातळीवर आणून बघा. दोन्ही टाचांची उभी शिवण सरळ आहे का? दोन्ही बुटांच्या गळ्याची उंची सारखी आहे का? आता एकेका बुटाच्या पंज्यावर बोटाने हलकं दाबा. बूट डगमगला, काचेवर टकटक वाजला, तर तळ सपाट नाही. नकली बुटात हे सर्रास दिसतं, कारण साचा स्वस्त असतो आणि तळ चिकटवताना कुणी मोजत बसत नाही. काही खऱ्या बुटांचा पंजा मुद्दाम वर वळवलेला असतो. तो डगमग नाही, पण नेमबाजीला तोही टाळा.

मग दोन्ही अंगठ्यांनी टाचेखालचा फोम एकाच वेळी दाबा, एका हाताने डावा, दुसऱ्याने उजवा. एक मऊ, एक टणक लागला तर जोडी परत द्या. रस्त्यावर चालताना हा फरक जाणवणारही नाही. सव्वा तास एका जागी उभं राहिल्यावर मात्र एक पाय हळूहळू जास्त खचतो, आणि मुलगा बिचारा श्वासात, खांद्यात, ट्रिगरमध्ये चूक शोधत बसतो. नकलीचा खरा तोटा पैशात नाही तो असा.

आतला पतावा उचलून बघा. खालच्या कापडाची कडेची शिवण एकसारखी हवी. पुठ्ठ्याचा तुकडा, गोंदाचे ओघळ, सुटलेले धागे दिसले तर बाकी तपासायची गरजच नाही. नव्या बुटाला थोडा वास असतोच, पण डबा उघडल्याबरोबर सोल्युशनचा वास नाकात झोंबत असेल तर शंका घ्या.

आता कागदपत्र. बुटाच्या जिभेखाली छोटी पट्टी असते. तिच्यावरचा आर्टिकल नंबर (कंपनीने त्या मॉडेलला दिलेला क्रमांक) आणि डब्यावरचा नंबर एकच हवा. तोच नंबर मोबाइलवर शोधा. हातातलाच रंग आणि तेच मॉडेल दिसलं पाहिजे. दुसरी युक्ती मला जास्त आवडते: त्याच मॉडेलचा आणखी एक साइज मागवा आणि दोन्ही डब्यांचे बारकोड शेजारी धरा. आर्टिकल नंबर सगळ्या साइजला सारखा असू शकतो, बारकोडचा आकडा मात्र साइजप्रमाणे बदलतो. सात नंबर आणि नऊ नंबर दोन्हींवर एकच बारकोड म्हणजे डबे घाऊक छापलेले. क्यूआर कोड स्कॅन झाला म्हणून हुरळू नका. खऱ्या कंपनीच्या संकेतस्थळाकडे नेणारा कोड कुणालाही छापता येतो.

डब्यावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, कोणत्या देशात बनला, महिना-वर्ष, करांसह कमाल किंमत आणि ग्राहकसेवेचा क्रमांक असणं कायद्याने बंधनकारक आहे. परदेशी बूट आणि भारतातल्या आयातदाराचं नावच नाही, ही ठळक खूण. शिवाय १ ऑगस्ट २०२४ पासून बऱ्याच प्रकारच्या पादत्राणांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. चिन्हाजवळ सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो टाकला की परवाना कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. तिथे ब्रँडऐवजी एखाद्या कारखान्याचं नाव दिसलं तर बिचकू नका, मोठे ब्रँड बाहेरून बूट बनवून घेतात. चप्पल किंवा गमबुटाचा परवाना निघाला तर मात्र प्रकरण उघड आहे. जुन्या साठ्याला आणि छोट्या कारखान्यांना सवलती दिलेल्या असल्याने नुसतं चिन्ह नाही म्हणून बूट नकली ठरत नाही.

रायफलचे बूट: मोजून घ्या

खास रायफलचे बूट गल्लीतल्या दुकानात मिळत नाहीत. ते क्रीडासाहित्याच्या मोजक्या विक्रेत्यांकडून किंवा प्रशिक्षकांमार्फत येतात. सावर, थून यांसारखे परदेशी आणि कॅपापाय हा भारतीय, अशी नावं रेंजवर ऐकू येतील. बाजार लहान असल्यामुळे इथे हुबेहूब नकलीचा धोका कमी. धोका वेगळाच आहे: जुन्या नियमांच्या काळातला पडून राहिलेला माल, किंवा स्थानिक कारागिराकडून ‘तसाच’ बनवून घेतलेला जाड तळाचा बूट.

बेळगावकरांना एक गोष्ट सोपी आहे. उद्यमबागेत फाउंड्री किंवा मशिनशॉपमध्ये काम करणारा कुणी ना कुणी नात्यात किंवा गल्लीत असतोच. त्याला व्हर्निअर कॅलिपर (जाडी अचूक मोजायचं मापक) घेऊन बोलवा. पंज्याखालचा तळ तीन ठिकाणी मोजा, वरचं चामडं गळ्यापाशी आणि बाजूला मोजा. आकडा १० किंवा ४ ला अगदी टेकलेला असेल तर मी तो बूट घेणार नाही. मापकाच्या दाबात थोडा फरक पडला तरी जोडी बाहेर जाईल.

तळाची लवचिकता मोजायचं स्पर्धेतलं यंत्र असं चालतं: बूट पक्का आवळतात, टाचेकडे १५ न्यूटन-मीटरचा जोर लावतात आणि तळ किमान साडेबावीस अंश वाकतो का ते बघतात. घरी अंदाज घेता येतो. बुटाचा पंजा टेबलाच्या कडेला फळी आणि क्लॅम्पने आवळा, असा की बोटांच्या मागची वाकायची रेघ बरोबर कडेवर येईल आणि टाच बाहेर राहील. त्या रेघेपासून १५ सेंटिमीटरवर, टाचेकडे, दोरी बांधा. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हातातला काटा दोरीला अडकवून वर ओढा. काटा १० किलो दाखवेल तेव्हा जोर जवळपास १५ न्यूटन-मीटर झाला. त्या क्षणी दोरीची जागा मूळ पातळीपासून पावणेसहा सेंटिमीटर वर आली असेल तर साडेबावीस अंश झाले. कोन कागदानेही बघता येतो. चौरस कोपरा दोनदा बरोबर मध्ये दुमडला की तेवढाच होतो. ही घरगुती चाचणी आहे, निर्णय यंत्राचाच. पण पाच सेंटिमीटरसुद्धा न उचलला जाणारा बूट तिथे पास होईल ही आशा सोडा.

यंत्राशिवायही तपास चालूच असतो. रेंजवर टाच-पंजा असं नेहमीसारखं चालावं लागतं. लाकडी खडावा घातल्यासारखं चाललात तर आधी ताकीद, मग गुण कापले जातात, पुढे बादही करतात. स्पर्धेनंतरच्या तपासणीत बूट नापास झाला तर सरळ अपात्र, मग गुण कितीही असोत.

बिल, आणि त्यावरचे पहिले दोन आकडे

सीमाभागात खरेदी तीन राज्यांत होते. कुणी कोल्हापूरला जातं, कुणी गोव्याला, बाकीचे इथेच. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि त्याचे पहिले दोन आकडे राज्याचे: कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०. बेळगावात टिळकवाडीतल्या दुकानाच्या बिलावर २७ ने सुरू होणारा क्रमांक दिसला तर विचारा. पूर्ण क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाकला की दुकानाचं नोंदलेलं नाव दिसतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडीला ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के कर आहे; बिलातला हिशेब त्याच्याशी जुळतो का बघा. बिलावर ब्रँड, आर्टिकल नंबर आणि साइज लिहून घ्या. नुसतं ‘शूज १ नग’ लिहिलेलं बिल पुढे कामाला येत नाही. “बिल घेतलं तर दोनशे जास्त पडतील” म्हणणाऱ्याला ते दोनशे द्या, नाहीतर दुसरं दुकान गाठा.

ऑनलाइन घेताना ॲप कोणतं यापेक्षा विक्रेता कोण हे महत्त्वाचं. त्याच ॲपवर कंपनीचं अधिकृत दालनही असतं आणि कालपरवा खातं उघडलेला विक्रेताही. खानापूर किंवा हुक्केरीच्या खेड्यात पार्सल येत असेल तर परतीचं पिकअप तिथून होतं का ते ऑर्डरआधी पिनकोड टाकून बघा. पार्सल फोडताना लेबलापासून सलग व्हिडिओ घ्या. इन्स्टाग्रामवरून किंवा व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून, पैसे आधी मागणाऱ्यांकडून घेऊ नका. तिथे परत कुणाला करणार?

जुने बूट घेणं वाईट नाही. कोल्हापूर बेळगावहून महामार्गाने दोनेक तासांवर आहे, आणि नेमबाज तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, ऑलिंपिक पदक जिंकणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ज्या जिल्ह्यातले, तिथे नेमबाजांची साखळी जुनी आहे. पाय वाढला म्हणून किंवा खेळ सुटला म्हणून विकायला काढलेले खरे रायफलचे बूट अशा ओळखीतून मिळतात. मात्र तळ कोणत्या बाजूला झिजलाय ते बघा; एका अंगाला झिजलेला बूट तुम्हाला आधीच्या मालकाच्या ढबीने उभं करेल. बूट कधी घेतला तेही विचारा. पॉलियुरेथेनचा तळ दमट हवेत, न वापरताही, काही वर्षांनी आतून कुजतो आणि एक दिवस त्याचा चुरा होतो. हे अस्सल बुटालाही होतं, तेव्हा कडा नखाने खरवडून बघा. भुगा निघाला तर फुकटही नको.

फसलात तर

आधी दुकानदाराला लेखी कळवा, व्हॉट्सॲपवर का होईना, आणि बिल, डबा, पट्ट्या यांचे फोटो काढून ठेवा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे मराठीतूनही बोलता येतं. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे बूट कोल्हापुरात किंवा ऑनलाइन घेतलेला असला तरी बेळगावच्या आयोगात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, अर्ज ऑनलाइनही चालतो. खोट्या ट्रेडमार्कचा माल विकणं हा स्वतंत्र गुन्हा आहे: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. दुकानदाराशी बोलताना हे शांतपणे सांगितलं तर पैसे लवकर परत मिळण्याची शक्यता वाढते. ‘फर्स्ट कॉपी’ हे माहीत असून घेतलेली असेल तर मात्र तुमची बाजू लंगडी.

घेतल्यानंतर

हे बूट फक्त रेंजवर घाला. रस्त्यावर आणि बसस्टँडवर फिरल्याने तळ असमान झिजतो, आणि रायफलचे बूट तर चालण्यासाठी बनलेलेच नसतात. बेळगावच्या पावसाळ्यात ते डब्यात बंद ठेवले की आठवड्यात बुरशी धरतात. वर्तमानपत्राचे बोळे घालून हवेशीर फळीवर ठेवा, उन्हात वाळवू नका, गोंद सुटतो. तळ उखडला तर चांभाराकडे नुसता चिकटवून घ्या, जाड रबर लावून घेऊ नका; त्या एका थराने १० मिलिमीटरची मर्यादा ओलांडली जाते.

नवे बूट किमान महिनाभर सरावात वापरल्याशिवाय स्पर्धेत घालू नका. साहित्य तपासणीला शेवटच्या तासाला न जाता ती उघडते तेव्हाच जा, आणि पिशवीत घोट्याखालचा, पातळ तळाचा साधा जोड जादा ठेवा. मुख्य जोडी नापास झाली तर त्यावर उभं राहून खेळता येतं.